आठ-त्रेचाळीस की नऊ-एकेचाळीस

गाडीच्या आसाचं मोजमाप एकट्या माणसाला नीट करता येत नाही. कुणी येतं म्हणत असेल, तर तो एकतर थापाड्या आहे, नाहीतर त्यानं कधी धड मोजलेलंच नाही. मी चौतीस वर्षं हेच काम करतोय, नळदुर्गात, हैदराबाद रस्त्याच्या कडेला. या रेवणप्पाला हे कुणी शिकवायला येऊ नये.

मोजायचं असं. मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर ठेवायचं. उचललेल्या चाकावर खडूनं एक रेघ मारायची, आणि इंजिनाकडून मागं येणारा जो लांब दांडा असतो, म्हणजे शाफ्ट, त्यावर दुसरी. एकानं बाहेर बसून चाक वीस वेळा फिरवायचं. दुसऱ्यानं गाडीखाली उताणं पडून शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजायचं. एकच चाक फिरतंय म्हणून वीस फेऱ्या दहाच धरायच्या, आणि इथंच निम्मे मेकॅनिक आपटतात. शाफ्ट एकेचाळीस वेळा फिरला तर आसाच्या मधल्या लोखंडी भोपळ्यात दहा दात्यांचं छोटं चक्र आणि एकेचाळीस दात्यांचं मोठं. दहा-एकेचाळीस. गाडी ओढणार किती आणि पळणार किती, हे त्या दोन आकड्यांवर ठरतं.

अडचण एवढीच, की दोघं एकदम मोठ्यानं मोजायला लागले की आकडे एकमेकांत मिसळतात. बाहेरचा सात म्हणाला की आतल्याचा चौदा गेलाच. यावर आमच्या घरात एक तोडगा होता. माझी बायको शरणम्मा कर्नाटकातल्या आळंदकडची. आमच्यात दोन्ही भाषा चालतात, भांडणं कानडीत, कामाचं बोलणं मराठीत आणि लाड कुठल्याच भाषेत नाहीत. ती चाकाशी पाट टाकून बसायची आणि कानडीत मोजायची. तिकडून ‘ओंदु, एरडु, मूरु’ यायचं, इकडं मी ‘एक, दोन, तीन’. तिचे आकडे माझ्या आकड्यांच्या अंगावरून जायचे, पण चिकटायचे नाहीत. तिचं ‘इप्पत्तु’ आलं, म्हणजे वीस झाले, की मी थांबायचो. आम्ही एकदाही चुकलो नाही. नवरा-बायको एकाच वेळी बोलतायत आणि दोघांचंही बरोबर येतंय, असं दुसरं उदाहरण माझ्या तरी बघण्यात नाही.

गिऱ्हाइकाशी बोलायचं कामही तिचंच. मी तुसडा माणूस. ती दोनच प्रश्न विचारायची, ‘गाडी कुठं चालणार?’ आणि ‘भार किती?’ यावर प्रत्येक गिऱ्हाईक खोटं बोलतं. घाटातून विटा ओढणारा म्हणतो, रिकामीच असते हो. घर ते दुकान करणारा म्हणतो, डोंगर चढवतो. शरणम्मा सगळं ऐकून घ्यायची, मग टायरच्या खाचेतली माती नखानं उकरून बघायची, काळी आहे का मुरमाची का नुसती डांबराची खडी. आणि मला कानडीत हळूच खरं काय ते सांगायची. आम्ही गिअर खऱ्यावर बसवायचो.

ती गेली त्याला एक वर्ष सात महिने झाले. गेली म्हटलं की लोक लगेच चेहरा पाडतात, म्हणून सांगतो, पुण्याला गेली. आमचा शिवपुत्र आणि सून गायत्री दोघंही हडपसरला कंपनीत आहेत. गायत्रीचं बाळंतपण झालं, नात झाली, जाई. शरणम्मा तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. तिनं पाट भिंतीला उभा करून ठेवला आणि खडूचा डबा वर फळीवर ठेवला, उंदीर लागू नये म्हणून. तीन महिन्यांचे सहा झाले. मग पोरीला दात आले. मग पोर रांगायला लागली. पोरं काही ना काही करतच असतात.

मी कधी ‘ये’ म्हणालो नाही. मला वाटायचं तिनं आपणहून यावं. बोलावल्यावर आलेल्या माणसाचं काय कौतुक? हा माज आहे, मला कळतं. एकट्याच्या घरात माज फार वाढतो, त्याला खायला-प्यायला काही लागत नाही. मी रोज दोन भाकरी थापायचो, त्यातली एक करपायची. संध्याकाळी साडेसातला तिचा फोन यायचा. काय खाल्लं, नळाला पाणी आलं का, पोर काय करते. तीन मिनिटांत बोलणं संपायचं आणि मग घर इतकं गप्प व्हायचं, की रस्त्यावरून जाणारा कंटेनर कितव्या गिअरमध्ये आहे तेसुद्धा मी आतून सांगायचो. सांगायचो म्हणजे कुणाला, तर कुणालाच नाही.

भाद्रपदात तुळजापूरचा शंतनू एक पिकअप घेऊन आला. पुजाऱ्यांच्या घरातला, तिशीचा, बोलायला गोड. गाडी जुनी, चार गिअरची, डिझेलची, पण पुढचे आणि मागचे दोन्ही आस ओढणारे. यानं तिला थेट कमरेपर्यंत येणारे टायर बसवले होते. दिसायला रुबाबदार, पण गाडी जागची हलेना. तुळजापूरच्या घाटात दोनदा क्लच जळाला होता.

‘‘आप्पा, टायर तर चांगले घेतलेत,’’ शंतनू म्हणाला.

‘‘टायर चांगलेच हायेत. गाडीला कुणी विचारलं का पण?’’

मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता कापतं. लांब टांगेच्या माणसाच्या बरोबरीनं डोक्यावर पोतं घेऊन चालायचं म्हटल्यावर जे होईल ते इंजिनाचं होतं. त्याला उपाय एकच, आसातले दाते बदलायचे, म्हणजे इंजिनाला एका फेरीसाठी जास्त वेळा फिरता येतं आणि ओझं हलकं पडतं. मी हे सांगितलं. शंतनूनं हात जोडले. म्हणाला, ‘‘आता आणखी खर्च न्हाय होत. तुम्हीच घेता का?’’ आणि मी घेतली.

का घेतली, तर त्याचं एक कारण मी लोकांना सांगितलं आणि एक पोटात ठेवलं. लोकांना सांगितलं, की ढोकीच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला की उसाच्या काळ्या रानात टेम्पो रुततात, रिकाम्या ट्रॉल्या रुततात, त्या ओढून काढीन. पोटातलं असं, की नळदुर्ग ते हडपसर तीनशे किलोमीटर आहे. एसटीच्या थांब्यावर पिशवी घेऊन उभं राहायला मला लाज वाटते, बायकोकडं जाताना तर जास्तच. स्वतःची गाडी असली की माणूस सहज म्हणून जाऊ शकतो.

सोलापूरच्या पार्टवाल्याकडं जुन्या मालात दोन प्रकार मिळत होते. नऊ-एकेचाळीस, म्हणजे या टायरांवर गाडी जवळजवळ मूळ होती तशी होणार. हायवेला ऐंशीनं सुखात जाईल, चिखलात मात्र बेताची. दुसरं आठ-त्रेचाळीस. ते बसवलं तर गाडी बैलासारखी ओढणार, पण साठच्या वर नेली की इंजिन बोंब मारणार. मधलं काही त्याच्याकडं नव्हतं. शिवाय पुढच्या आणि मागच्या आसाला आकडा एकच लागतो. दोन्हीकडं वेगळा असला तर गाडी स्वतःशीच भांडत राहते आणि शेवटी कुठंतरी काहीतरी तुटतं. म्हणून आधी आहे ते दोन्हीकडं सारखं आहे का हे मोजायचं ठरवलं. शंतनूच्या गाडीला आधी कोण कोण हात लावून गेलं होतं देव जाणे.

शेजारी बिभीषणचं पंक्चरचं दुकान आहे. तो मूळचा सोनारीचा, पन्नाशीचा, दर रविवारी काळभैरवाचा उपास धरणारा आणि बाकी सहा दिवस खाणारा. मी त्याला चाकाशी बसवला आणि खाली शिरलो.

‘‘एक,’’ बिभीषण ओरडला. ‘‘दोन. तीन.’’

मी सहावर होतो. त्याचा चार आला आणि माझा आठ झाला का नऊ, मला कळेना.

‘‘मनात मोज रे बाबा.’’

त्यानं मनात मोजलं. बराच वेळ चाक फिरत राहिलं. माझे अठ्ठेचाळीस झाले तेव्हा मी विचारलं, ‘‘किती झालं?’’

‘‘मला वाटलं तुम्हीच थांबवताल.’’

तिसऱ्या वेळी शाफ्ट छत्तीस वेळा फिरला, चौथ्या वेळी त्रेचाळीस. मी खालून त्याच्या खानदानाचा उद्धार केला. बिभीषणला राग येत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे. त्यानं हात पुसले आणि म्हणाला, ‘‘आप्पा, वैनीला फोन लावा की.’’

‘‘ती काय फोनातनं चाक फिरवणार हाय?’’

‘‘चाक मी फिरवतो. मोजायला लावा.’’

सकाळचे अकरा वाजले होते. या वेळेला मी कधी फोन करत नाही. तिनं पहिल्याच रिंगला उचलला.

‘‘काय झालं?’’ आवाज घाबरलेला होता.

‘‘काय न्हाय. वीसपर्यंत मोजायचं हाय.’’

‘‘गाडी कुणाची?’’

‘‘आपलीच.’’

‘‘आपली? कधी घेतली?’’

‘‘घेतली. मोठ्या टायराची हाय. तू मोज आधी.’’

बिभीषणनं व्हिडिओ लावून फोन पालथ्या बादलीवर टेकवला, तिला खडूची रेघ दिसेल असा. मी खाली जाऊन पडलो. आणि वरून आवाज आला, ‘‘बिभीषणभाऊ, रेघ वर आली तरी थांबायचं न्हाय, सावकाश चालू ठेवा. हं. ओंदु. एरडु. मूरु.’’

फोनमधून आवाज जरा चिरका येत होता, पण तोच होता. माझे आकडे आपोआप चालू झाले. एकही अडखळला नाही. तिचं ‘इप्पत्तु’ आलं तेव्हा शाफ्टवरची रेघ एकेचाळीसाव्यांदा बरोबर माझ्या नाकासमोर येऊन थांबली. पुढचा आस मोजला, तिथंही एकेचाळीस. दोन्ही सारखे. मी उगीच आणखी थोडा वेळ खालीच पडून राहिलो. डोळ्यांतून पाणी आलं होतं. बाहेर आल्यावर बिभीषणला सांगितलं, ऑइल गळलं. त्यानं कोरड्या भोपळ्याकडं बघितलं आणि मान हलवली.

मी फोन हातात घेतला. शरणम्माचा चेहरा अगदी जवळ होता, कानातल्या कुड्या हलत होत्या. मागं कुठल्या तरी भांड्याचा आवाज येत होता.

‘‘गाडी कुठं चालणार?’’ तिनं विचारलं.

हा प्रश्न तिनं हजार वेळा विचारलेला मी ऐकला होता. मला कधी कुणी विचारला नव्हता. उत्तर तोंडात तयार होतं, पुण्याला. एक शब्द. पण बिभीषण कान देऊन उभा होता, गालात हसत होता. आणि मला वाटलं, हिनं एवढ्या दिवसांनी माझी गाडी बघितली, तर आधी एवढं तरी म्हणावं की या की घेऊन इकडं. हिचे आपले प्रश्नच चाललेत. माझं टाळकं सरकलं.

‘‘चिखलात,’’ मी म्हणालो. ‘‘ढोकीचा हंगाम धरायचा हाय.’’

‘‘भार किती?’’

‘‘ट्रॉल्या ओढायच्या हायेत.’’

ती माझ्याकडं बघत राहिली. फोनमध्ये माणूस नेमका कुठं बघतो ते कळत नाही.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘मग आठ-त्रेचाळीस घ्या.’’

आतून जाई रडायला लागली आणि फोन बंद झाला.

मी दुसऱ्या दिवशी सोलापूरला जाऊन आठ-त्रेचाळीसचे दोन जोड आणले. दुकानात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवले होते. मी नऊ-एकेचाळीस हातात घेऊन पाहिलं, दात्यांवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं. बायकोनंच सांगितलंय म्हटल्यावर आपण कोण, असं मी स्वतःला म्हणालो. राग आला की माणसाला आज्ञाधारक व्हायला फार आवडतं.

बसवायला चार दिवस लागले. तेलात शेंदूर कालवायचा, मोठ्या चक्राच्या दात्यांना बोटानं लावायचा, चक्र फिरवायचं आणि दात्याला दाता घासून उमटलेला डाग दात्याच्या मधोमध आहे का ते बघायचं. कडेला असला तर उघडा, पातळ पत्र्याची चकती घाला, पुन्हा लावा. ती असती तर चाक तिनं फिरवलं असतं. मी एकटा दर वेळी बाहेर यायचो, चाक फिरवायचो, पुन्हा खाली जायचो. बिभीषण येतो म्हणाला, त्याला मी नको म्हणालो. त्या चार दिवसांत शरणम्माचा फोन रोज साडेसातला आला. पाणी आलं का. आलं. पोर कशी हाय. बरी हाय. गाडीचं तिनंही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

हंगाम सुरू झाला. परतीचा पाऊस लांबला होता, रानं ओली होती. ढोकीच्या अलीकडं एका मळ्यात ट्रॉली आसापर्यंत रुतली होती, ट्रॅक्टर सोडवून बाजूला उभा केला होता. मी साखळी लावली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीनं जराही कुरकुर केली नाही. चारही चाकं चिखल चावत निघाली आणि ट्रॉली तिच्यामागं म्हशीच्या रेडकासारखी आली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, ‘‘आरं बापरे, काय ताकद हाय हो हिच्यात.’’

मी शेजारच्या सीटकडं बघून म्हणालो, ‘‘बघितलंस?’’ तिथं माझा डबा होता.

आता हे कुणाला तरी सांगायलाच पाहिजे होतं. साडेसातपर्यंत थांबवेना. रस्त्यावर येऊन मी शिवपुत्रला फोन केला, तो जेवणाच्या सुट्टीत होता. ट्रॉलीची गोष्ट सांगितली, जरा फुगवूनच. तो म्हणाला, ‘‘भारी की आप्पा.’’ मग म्हणाला, ‘‘बरंच झालं म्हणायचं, तुमचं मन रमलं. आईला उगीच काळजी होती.’’

‘‘कसली काळजी?’’

‘‘दिवाळीनंतर आई तिकडं येणार होती ना. गायत्रीच्या आईनं सहा महिने जाईला बघायचं ठरलं होतं. तुमचा तो मोजायचा फोन झाला, आणि संध्याकाळी आईच म्हणाली, विहीणबाईला येऊ नका म्हणावं. त्यांनी गाडी चिखलातली घेतलीय, त्यांचं तिकडं बरं चाललंय. आता गायत्रीची आई हैदराबादला गेली, त्यांच्या थोरल्या सुनेचं बाळंतपण हाय.’’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘तुम्हीच म्हणलात ना आप्पा, एवढ्यात नको म्हणून?’’

‘‘म्या असं कुठं म्हणलो?’’

‘‘मग काय म्हणलात?’’

‘‘चिखलात म्हणलो,’’ मी म्हणालो आणि फोन ठेवला.

रस्त्याच्या कडेला गाडीच्या पायरीवर बसून राहिलो. चौतीस वर्षं मला माहीत होतं, की या प्रश्नाला प्रत्येक गिऱ्हाईक खोटं बोलतं. तिलाही माहीत होतं. तिनं विचारलं, आणि मी खोटं बोललो. आणि ती एवढी हुशार बाई, तिनं ते खरं धरलं. असा राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल, आणि धरायला समोर कुणी नव्हतं.

सोमवार महादेवाचा, त्या दिवशी आमचं गॅरेज बंद असतं. पहाटे पाचला मी गाडी काढली आणि पुण्याचा रस्ता धरला.

त्या प्रवासाबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. साठला काटा गेला की इंजिन ओरडायचं, म्हणून पंचावन्नवर ठेवली. मोहोळला मला एका एसटीनं मागं टाकलं, टेंभुर्णीला उसाच्या ट्रकनं, इंदापूरच्या पुढं तर लग्नाच्या बँडवाल्यांच्या टेम्पोनं, आणि त्यातल्या क्लॅरनेटवाल्यानं मला हात केला. मी कुणाला मागं टाकलं म्हणाल तर एका बैलगाडीला. भिगवणला चहा घेतला तेव्हा कानात अजून घरघर चालू होती. नऊ-एकेचाळीस असतं तर एव्हाना मी तिच्या दारात उभा असतो, हा विचार दर मैलाला येत होता.

बारा वाजता शिवपुत्रच्या बिल्डिंगखाली पोचलो. वॉचमन वहीत माझं नाव लिहीत होता, तेवढ्यात शरणम्मा जिन्यातून खाली आली. कडेवर जाई होती. केस कपाळापाशी बरेच पिकले होते, फोनमध्ये ते दिसले नव्हते. ती माझ्याकडं न बघता आधी गाडीकडं गेली. मागच्या टायरपाशी वाकली आणि खाचेतली माती नखानं उकरली. ढोकीची काळी माती अजून होती. तिनं बोटं पदराला पुसली.

‘‘आठ-त्रेचाळीस,’’ ती म्हणाली. ‘‘वर चौथ्या मजल्यावर ऐकू आलं.’’

‘‘व्हय.’’

‘‘ह्या गिअरवर एवढ्या लांब आलात?’’

‘‘सात तास लागले.’’

‘‘गरम झाली का?’’

‘‘न्हाय.’’

मी टायरकडं बघत म्हणालो, ‘‘घरी चल.’’ दोनच शब्द होते. एक वर्ष सात महिने लागले.

तिनं जाईला दुसऱ्या कडेवर घेतलं. पोर माझ्याकडं टकाटका बघत होती.

‘‘आता कशी येऊ?’’ ती म्हणाली. ‘‘हिला कोण बघणार?’’

‘‘शिवपुत्रनं सांगितलं मला.’’

‘‘त्या दिवशी विचारलं होतं म्या.’’

‘‘व्हय. पण गिऱ्हाईक खोटं बोलतंय, हे तुला काय नवीन हाय का?’’

‘‘तुम्ही माझं गिऱ्हाईक हाय व्हय?’’ तिचा आवाज चढला नाही. ‘‘आणि फोनात माती कुठं दिसती. टायर समोर असतं तर बघितलं असतं. तुम्ही म्हणलात, म्या धरलं.’’

आम्ही वर गेलो. तिनं भाकरी केली, शेंगदाण्याची चटणी दिली. भाकरी कुठंही करपलेली नव्हती. मी जाईला घ्यायला हात पुढं केले तर ती आजीच्या गळ्याला मिठी मारून रडायला लागली, आणि मग आजीच्या मांडीवरच झोपली. एक हात तिनं आजीच्या पदरात घट्ट धरून ठेवला होता. शरणम्मानं तो सोडवला नाही, आणि सोडव म्हणायची मला हिंमत झाली नाही. शिवपुत्र आणि गायत्री कामावर होते. आम्ही दोघं समोरासमोर बसलो, पोर उठू नये म्हणून हळू बोललो. मला फार बरं वाटलं आणि त्याच वेळी फार वाईट वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटतं हे मला आधी माहीत नव्हतं.

तीन वाजता उठलो. गाडीच्या चालीनं घरी पोचायला दहा वाजणार होते. ती जाईला घेऊन खालपर्यंत आली. मी गाडीत चढलो, चावी फिरवली नाही. ती खिडकीपाशी उभी राहिली. गाडी उंच झाली होती, तिला मान वर करून बोलावं लागत होतं.

‘‘गिअर बदलतो म्हणतो,’’ मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत होती, आणि आता ती नेमकी कुठं बघतेय ते मला दिसत होतं.

‘‘गाडी कुठं चालणार?’’ तिनं विचारलं.

‘‘नळदुर्ग ते हडपसर. दर सोमवारी.’’

‘‘भार किती?’’

‘‘जाताना एक माणूस,’’ मी म्हणालो. मग शेजारची रिकामी सीट हातानं झाडली. ‘‘येतानाबी एकच.’’

तिनं जाईच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं. नाडी सुटली नव्हती, तरी पुन्हा बांधली.

‘‘मग नऊ-एकेचाळीस घ्या,’’ ती म्हणाली, आणि पोरीला घेऊन जिन्याकडं गेली.